घरं मोजली, माणसं मोजायची राहिली

परवा रात्री जेवताना आमच्या मेसच्या मावशींनी एक प्रश्न विचारला. मी राज्यशास्त्र शिकते, तरी मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

कोठीच्या बसस्टॉपमागच्या एका गल्लीत मावशींची खोली आहे. तीच मेस आणि तेच घर. सकाळी पोळ्या लाटायच्या, दुपारी डबे भरायचे, रात्री आम्हा पोरापोरींना जेवायला वाढायचं. मग पातेली भिंतीला लावून त्याच फरशीवर मावशी, त्यांचा मुलगा आणि सून झोपतात. मधे एक साडी टांगलेली असते. मावशी मूळच्या भैंशाच्या. हैदराबादेत येऊन बावीस वर्षं झाली. मराठी आपली, हिशोब तेलुगूत आणि भांडण दखनीत!

भाजी गुंडाळून आलेल्या जुन्या पेपरात महापालिकेच्या एक लाख घरांची बातमी होती. मी ती वाचून दाखवली. मावशींनी हात पुसले आणि म्हणाल्या, "पोरी, तू शिकलेली हायेस म्हणून विचारते. त्या लाखातलं माझं कितवं गं?"

मावशींनी अर्ज केलेला आहे. पावती प्लास्टिकच्या पिशवीत, आधारकार्ड आणि मुलाच्या दहावीच्या मार्कलिस्टच्या मधोमध जपून ठेवली आहे. एका कार्यालयाच्या खिडकीवर त्या दोनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा उत्तर मिळालं, लिस्ट येईल. दुसऱ्यांदा मिळालं, सरकार बदललं, आता नवीन अर्ज भरा. तिसऱ्यांदा गेल्या नाहीत, कारण अर्धा दिवस गेला की चाळीस डबे बुडतात.

तुम्ही म्हणाल, एका मावशीचा अर्ज अडकला, त्यात काय एवढं. माझं म्हणणं असं आहे की मावशींचा अर्ज चुकून अडकलेला नाही. महापालिका घरांची प्रगती ज्या पद्धतीनं मोजते, त्या पद्धतीत मावशींच्या प्रश्नाला जागाच नाही. आणि ही पद्धत फक्त हैदराबादची नाही. किनवट, धर्माबाद, देगलूर, राजुरा, आदिलाबाद, कुठंही राहत असाल तरी तुमच्या नगरपालिकेत थोड्याफार फरकानं हेच चाललंय. म्हणून जरा बारकाईनं बघू.

आधी टार्गेट काय होतं ते. तेलंगणा सरकारनं २०१५ साली डबल बेडरूम घरांची योजना आणली. ५६० चौरस फूट, दोन बेडरूम, हॉल, किचन, आणि लाभार्थ्यानं एक रुपया भरायचा नाही. सिकंदराबादच्या भोईगुड्याजवळ आयडीएच कॉलनीत आधी ३९६ घरं बांधून दाखवली. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांचं उद्घाटन झालं. जी कुटुंबं त्या जागेवर राहत होती, त्यांनाच ती मिळाली. लोक खूश झाले, आणि व्हायलाच हवे होते. मग बृहन्हैदराबाद महानगरपालिकेसाठी, म्हणजे जीएचएमसीसाठी, एक लाख घरांचं टार्गेट ठरलं.

हा लाख फोडून बघा. एकूण १११ ठिकाणं. त्यातली ४० ठिकाणं अशी, जिथं वस्तीच्याच जागी घरं बांधायची होती. तिथल्या घरांची संख्या ८,८९८. उरलेली ९१,१०२ घरं ७१ मोकळ्या जागांवर. शहरात मोकळी जागा कुठं असते? जिथं शहर संपतं तिथं. म्हणजे आयडीएच कॉलनीचा नमुना दाखवून जे वचन दिलं, त्यातल्या दहा घरांमधली नऊ घरं मुळातच वेगळ्या प्रकारची होती. "एक लाख" म्हटलं की हा फरक पुसला जातो.

आता मोजणीकडं. महापालिकेच्या प्रगतीच्या तक्त्यात साधारण हे रकाने असतात: मंजूर, टेंडर, काम सुरू, काम पूर्ण, वाटप. केंद्राच्या पंतप्रधान आवास योजनेत याच्या पुढची पायरी आहे. तिथं बांधकामाचा फोटो काढून तो नकाशावरच्या जागेला जोडतात. पाया झाला की एक फोटो, लिंटल झालं की एक, स्लॅब पडला की एक, पूर्ण झालं की एक. हे सगळं इस्रोच्या भुवन पोर्टलवर जातं. ते चालवणारं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र कुठं आहे माहितीये? इथंच, हैदराबादेत, बालानगरला. कोठीहून सिटी बसनं जाता येतं. म्हणजे आपल्या शहरात बसलेलं सरकार देशातल्या कुठल्याही गावातल्या घराचं लिंटल बघू शकतं, पण कोठीतल्या मावशींना त्यांचा नंबर सांगू शकत नाही.

हे का होतं? तंत्रज्ञान कमी पडतं म्हणून नाही. मोजणी कशासाठी सुरू झाली, त्यात उत्तर आहे. पाया, लिंटल, स्लॅब हे पैसे सोडण्याचे टप्पे आहेत. तेलंगणाच्या आताच्या इंदिरम्मा योजनेतही तेच: एकूण ५ लाख रुपये, पायापर्यंत १ लाख, छतापर्यंत आलं की सव्वा लाख, स्लॅबनंतर पावणेदोन लाख, शेवटी १ लाख. पैसा कुठवर गेला हे बघायला ही मोजणी चांगलीच आहे आणि ती हवीच. त्यानं चोरी कमी होते. पण ती बिलाची मोजणी आहे. बिल पास झालं की त्या मोजणीचं काम संपतं. टार्गेट मात्र लोकांना दिलेलं वचन होतं. वचन लोकांना द्यायचं आणि हिशोब ठेकेदाराचा ठेवायचा, इथं सगळी गडबड आहे.

याचे तीन परिणाम माझ्या डोळ्यासमोर आहेत. एकेक सांगते.

पहिला परिणाम हद्दीचा. आपण सीमाभागातली माणसं, हा आपल्याला लगेच कळेल.

सप्टेंबर २०२० मध्ये विधानसभेत वाद झाला. काँग्रेसचे भट्टी विक्रमार्क म्हणाले, एक लाख घरं दाखवा. मंत्री तलसानी श्रीनिवास यादव दुसऱ्या दिवशी थेट त्यांच्या घरी गेले आणि त्यांना गाडीत घालून घरं दाखवायला निघाले. पहिल्या दिवशी शहरातल्या काही जागा झाल्या. दुसऱ्या दिवशी गाड्या तुक्कुगुड्याकडं वळल्या आणि भट्टींनी दौरा सोडला. त्यांचं म्हणणं, ही जागा जीएचएमसीच्या हद्दीत नाही, ही घरं शहराची कशी? सरकारचं म्हणणं, शहरात जागा नाही, बाहेर बांधली तरी घरं शहरातल्या लोकांसाठीच आहेत. टीव्हीवर लोकांनी मजा बघितली. पण प्रश्न गंमतीचा नव्हता. दुसऱ्या जिल्ह्यात उभं राहिलेलं घर शहराच्या टार्गेटमध्ये धरायचं की नाही, हे पाच वर्षांत कुणी कागदावर स्पष्ट केलेलं नव्हतं, म्हणून दोन नेत्यांना गाडीत बसून मोजणी करावी लागली.

सगळ्यात मोठी वसाहत कोल्लूरची. १५,६६० घरं, जून २०२३ मध्ये उद्घाटन. जिल्हा संगारेड्डी. कोठीहून तीस-पस्तीस किलोमीटर. बांधकाम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण मावशींना उद्या कोल्लूरचं घर मिळालं तर चाळीस डबे कुणाला द्यायचे? बायकांना बस फुकट आहे, हे मान्य. वेळ कुठं फुकट आहे? तिथल्या कुलूप लागलेल्या आणि भाड्यानं दिलेल्या फ्लॅटच्या बातम्या आल्या तेव्हा लोक म्हणाले, बघा, फुकटचं मिळालं की किंमत नसते. मला वाटतं, ज्याचं पोट कोठीत आहे त्याला कोल्लूरला झोपायला पाठवलं तर तो कोठीतच भाड्यानं खोली घेणार. तक्त्यात मात्र ते घर "वाटप" या रकान्यात गेलेलं असतं. हिरवा रंग.

आणि गंमत बघा. २०२५ च्या शेवटी सरकारनं आसपासच्या २७ नगरपालिका जीएचएमसीत विलीन केल्या. त्यात तुक्कुगुडा आहे आणि कोल्लूर ज्यात येतं ते तेल्लापूरही आहे. एक वीट न हलवता हद्दीबाहेरची घरं हद्दीत आली. मावशींची खोली आणि कोल्लूर यातलं अंतर एक फूटसुद्धा कमी झालं नाही.

आपल्याला हे नवीन नाही. जिवती तालुक्यातली ती चौदा गावं आठवा. मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर. दोन राज्यांच्या मतदारयाद्या, दोन रेशनकार्डं, दोन शाळा. तिथं एकच माणूस दोन सरकारांच्या आकड्यात दोनदा मोजला जातो आणि पाण्याची, जमिनीच्या पट्ट्याची वेळ आली की दोघंही दुसऱ्याकडं बोट दाखवतात. हैदराबादच्या कडेला त्याचीच दुसरी बाजू आहे. घर एका जिल्ह्याचं, आकडा दुसऱ्याचा, आणि तिथल्या शाळेची, दवाखान्याची, बसची जबाबदारी कुणाची ते शोधत बसा. हद्द कुठं आहे यावर भांडणाऱ्यांना त्या हद्दीवर राहणारा माणूस दिसत नाही, हे आपण लहानपणापासून बघतोय.

दुसरा परिणाम. आपल्याकडं बांधलेलं मोजतात, पाडलेलं मोजत नाहीत.

कोठीहून चादरघाटच्या पुलाकडं चालत गेलं की मुसी नदी लागते. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुसीच्या काठच्या घरांवर लाल रंगानं "आरबीएक्स" असं लिहिलं गेलं. नदीपात्रातलं घर, असा त्याचा अर्थ. चादरघाट, मूसानगर, शंकरनगर भागातली घरं खाली करून पाडायला सुरुवात झाली. लोकांना कुठं हलवलं? मलकपेट आणि इतर ठिकाणच्या डबल बेडरूम घरांत.

नदी मोकळी व्हावी की नाही हा वेगळा वाद आहे. पुराच्या पाण्यात कुणी राहू नये हे मलाही पटतं. प्रश्न हिशोबाचा आहे. ती डबल बेडरूम घरं "नवीन घरं" म्हणून आधीच एकदा मोजली होती. त्यातलं एक घर मुसीकाठच्या कुटुंबाला गेलं आणि त्याच कुटुंबाचं जुनं घर पाडलं, तर शहरात घरं किती वाढली? शून्य. मावशींसारख्या अर्जदारांच्या रांगेतून एक घर मात्र कमी झालं. तक्त्यात हे उणे कुठंच दिसत नाही. घरखर्चाच्या वहीत फक्त जमा लिहिली आणि खर्च लिहिलाच नाही, तर आपल्याला आई काय म्हणेल?

इंग्लंडात दरवर्षी घरांचा जो सरकारी आकडा निघतो तो निव्वळ असतो. नवीन बांधलेली अधिक, पाडलेली उणे. तिथंही घरांची बोंब आहेच. पण निदान वजाबाकी होते.

तिसरा परिणाम सगळ्यात मोठा. टक्केवारी काढताना खाली काय घेतलंय ते कुणी बघत नाही.

शाळेत शिकलोय की टक्के काढायला वर एक आकडा लागतो आणि खाली एक. जीएचएमसीचे टक्के काढताना खाली एक लाख घेतात, कारण टार्गेट एक लाख. पण अर्ज किती आले होते? सात लाखांहून जास्त. २०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत सुमारे ७० हजार घरं तयार झाली. टार्गेटनं भागलं तर सत्तर टक्के, फर्स्ट क्लास. अर्जांनी भागलं तर दहा टक्के, नापास. दोन्ही आकडे खरे आहेत. पेपरात कुठला येतो ते तुम्हीच सांगा. आणि तयार म्हणजे मिळालेलं घर असंही नव्हतं. लॉटरी काढून जीएचएमसीतलं पहिलं मोठं वाटप झालं २ सप्टेंबर २०२३ ला, ११,७०० घरांचं. योजना सुरू होऊन आठ वर्षं झाली होती आणि विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर होती.

दिल्लीतही असंच. केंद्राच्या एका तांत्रिक गटानं २०१२ साली शहरांतली घरांची तूट काढली होती: १ कोटी ८७.८ लाख. आवास योजना २०१५ ला आली तेव्हा २ कोटी घरांची भाषा होती. पुढं राज्यांकडून आलेली मागणी तपासून आकडा १ कोटी १२ लाखांवर आला. खालचा आकडा लहान झाला की टक्के आपोआप मोठे होतात. कुणी खोटं बोललं नाही, तरी चित्र बदललं.

त्या २०१२ च्या तुटीत अजून एक गोष्ट आहे आणि ती आपण पाठ करून ठेवायला हवी. त्या तुटीतली जवळपास ८० टक्के कुटुंबं रस्त्यावरची नव्हती आणि पडक्या घरातलीही नव्हती. ती दाटीवाटीनं राहणारी कुटुंबं होती. लग्न झालेल्या जोडप्याला स्वतःची खोली नाही, अशी. म्हणजे मावशी. म्हणजे ती मधे टांगलेली साडी. देशातली घरांची तूट मुख्यतः त्या साडीची तूट आहे, हे सरकारच्याच कागदात लिहिलंय.

आणि आपल्यासाठी योजना कुठली? इंदिरम्मा योजनेत अर्जदारांच्या याद्या केल्यात. एल-वन म्हणजे स्वतःचा प्लॉट असलेले. एल-टू म्हणजे घरही नाही आणि प्लॉटही नाही. सुरुवात एल-वनपासून, कारण बांधकामाला जागा लागते. खेड्यात हे चालून जाईल. कोठीत कुणाकडं प्लॉट आहे? आपल्याकडच्या नगरपालिकांतही आवास योजनेचा जो भाग सगळ्यात जास्त चालतो, तो स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यांसाठी आहे. जागा नावावर नसेल तर अर्जच पुढं सरकत नाही. गावठाणात तीन पिढ्या राहून कागद नसलेली किती घरं तुमच्या ओळखीत आहेत ते मोजा. मग कळेल, ज्याला सगळ्यात जास्त गरज तो यादीत सगळ्यात शेवटी का.

भाडेकरू तर कुठल्याच रकान्यात नाही. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा इथं शंभर वर्षांहून जास्त काळ मराठी माणूस शिकायला आणि नोकरीला येतोय. विवेक वर्धिनीसारखी संस्था त्यातूनच उभी राहिली. माझं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडं. इथं एका खोलीत आम्ही चौघी राहतो. पलीकडच्या खोलीत नांदेडची सहा पोरं. आम्ही गावच्या रेशनकार्डावर आहोत, म्हणजे कागदावर गावात राहतो. शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. महापालिकेच्या हिशोबात या गल्लीतली अर्धी माणसं इथं राहतच नाहीत. कोठी हे नाव कशावरून पडलं माहितीये ना? इंग्रज रेसिडेंटच्या हवेलीवरून. एका माणसाच्या घरावरून अख्ख्या भागाला नाव मिळालं. त्याच भागात आज हजारो माणसांचं घर कुठल्याही वहीत नाही.

आता समोरून येणारे मुद्दे. ते आमच्या वर्गातही आले, म्हणून टाळत नाही.

एक मुद्दा असा की इतर शहरांनी एवढंही केलं नाही, मग हैदराबादलाच का धरता? बरोबर आहे. ५६० फुटांचं घर फुकट देणं ही लहान गोष्ट नाही. ज्यांना मिळालं त्यांचं आयुष्य बदललं. मी योजनेच्या विरोधात नाहीच. उलट, एवढा पैसा खर्चून घरं बांधली आणि ती योग्य माणसापर्यंत पोचली की नाही हे कळायची सोयच नसेल, तर योजनेवर खरा अन्याय तोच. सरकार बदललं की नवीन सरकार जुनी यादी बाजूला ठेवून नवीन अर्ज मागवतं, हे शक्य होतं कारण घरांची नोंद पक्की आहे आणि माणसांची कच्ची.

दुसरा मुद्दा, माणसं मोजणं अवघड असतं. मग सोलापूरला चला. तिथून तेलुगू आणि मराठी दोन्ही बोलणारे आपलेच लोक. कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत आहे. नरसय्या आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली. तिथं आधी माणसं संघटित झाली, सोसायट्या झाल्या, नावं ठरली, आणि नंतर घरं उभी राहिली. १९ जानेवारी २०२४ ला पहिली १५ हजार घरं दिली गेली. ती वसाहतही शहराबाहेर आहे, कामाच्या जागेपासून लांब पडते, हे दोष आहेतच. पण तिथल्या बाईला "माझं कितवं" हा प्रश्न विचारायला लागला नसता. घराच्या आधी तिचं नाव होतं. हैदराबादेत नव्वद हजार घरांच्या बाबतीत उलटं झालं. आधी घर, मग लॉटरी, मग नाव.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर कॅलिफोर्निया घ्या. तिथं प्रत्येक शहराला आठ वर्षांसाठी घरांचा कोटा मिळतो आणि तो उत्पन्नगटांत वाटलेला असतो: अत्यल्प, अल्प, मध्यम आणि त्यावरचा. दरवर्षी १ एप्रिलपर्यंत शहरानं राज्याला अहवाल द्यायचा, कुठल्या गटासाठी किती घरांना परवानगी दिली. श्रीमंतांचा कोटा भरला आणि गरिबांचा रिकामा राहिला तर ते त्याच अहवालात उघडं पडतं. मागं पडलेल्या शहराचे प्रकल्प अडवायचे अधिकार कमी होतात, असा कायदा २०१७ मध्ये झाला. त्यानं तिथले बेघर संपले का? नाही. पण कोण राहिलं हे लपवता येत नाही. आपल्याकडं अजून तेवढंही नाही.

मग करायचं काय? नुसती चिडचिड करून चालणार नाही. मागणी नेमकी पाहिजे. प्रत्येक महापालिकेनं आणि नगरपरिषदेनं बिलाच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता लावावा, वॉर्डनिहाय, दर तीन महिन्यांनी. त्यात पाच गोष्टी:

१. या वॉर्डातून अर्ज किती, पात्र किती, नाकारले किती आणि का.
२. या वॉर्डातल्या किती कुटुंबांना किल्ली मिळाली, आणि घर जुन्या जागेपासून किती किलोमीटरवर.
३. त्याच काळात या वॉर्डात किती घरं पाडली, आणि दिलेल्या नवीन घरांपैकी किती पाडलेल्यांच्या बदल्यात गेली.
४. किल्ली मिळून एक वर्ष झाल्यावर किती घरांत तेच कुटुंब राहतंय.
५. भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबांपैकी किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले.

यातलं एकही अशक्य नाही. लिंटलचा फोटो काढणारा मोबाईल दारावर थाप मारून वर्षानंतर कोण राहतं तेही टिपू शकतो.

आणि हे मागायला मोर्चाच लागतो असं नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५, कलम ४(१)(ख) वाचा. अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, रक्कम किती आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयानं न विचारता स्वतःहून जाहीर करायचं असतं. केलं नसेल तर कलम ६ खाली अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. एक गोष्ट लक्षात ठेवा: अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. महाराष्ट्रातल्या मित्रांनी सरळ मराठीत लिहा. तेलंगणात राहणाऱ्यांनी हिंदीत किंवा तेलुगूत लिहा. भाषा मराठी आहे म्हणून बाजूला ठेवायचं निमित्त कुणाला देऊ नका. आपल्या भाषेचा हक्क मागत राहू, तोवर अर्ज अडायला नको.

अर्जात "योजनेची प्रगती कळवावी" असं लिहू नका. टक्के छापलेला कागद परत येईल. वरचे पाच प्रश्न वॉर्ड नंबर घालून विचारा. उत्तरात "माहिती उपलब्ध नाही" आलं तर तो कागद जपून ठेवा. आम्ही मोजतच नाही, याची ती लेखी कबुली आहे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की तोच कागद त्याच्या हातात द्या.

मी काल मावशींसाठी असा अर्ज लिहिला, हिंदीत. सहावा प्रश्न त्यांचा घातला: माझा अर्ज आज कुठल्या टप्प्यावर आहे आणि यादीत माझा क्रमांक कितवा. वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावून सही केली, मग डब्यातून दहाची नोट काढून दिली. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "ठेव. माझा प्रश्न हाय, फी मी भरते."

३० दिवस आजपासून मोजायला घेतलेत. उत्तर येवो न येवो, इथं लिहीन. तुमच्या वॉर्डातलं उत्तर तुम्ही मागा.